परतीची वाट आधी

सकाळचं धुकं इतकं दाट, की वाचनालयाच्या तळघराच्या खिडकीतून नुसती पावलं चालताना दिसत, माणसं नाहीत. बाइंडर शेगडीवर खळ ढवळत होता. ढवळता ढवळता त्या पावलांची त्याच्या मनात पलटण झाली.

एकतीस वर्षं तो फाटकी पुस्तकं शिवत होता. शाळा सातवीपर्यंत, पण शिवता शिवता वाचायची खोड. नेपोलियनच्या स्वाऱ्यांवरची सगळी पुस्तकं हाताखालून गेलेली. म्हणून वाचक जिना उतरून त्यालाच विचारायला येत.

"आधी इटलीची मोहीम घ्या," तो सांगे. "गडी तरुण आहे, शिपायांच्या पायात धड जोडे नाहीत, पण वाचताना दम लागत नाही. स्पेन मागून. रशिया मात्र उन्हाळ्यातच वाचा, थंडीत पांघरूण पुरायचं नाही."

आज तेच रशियाचं पुस्तक समोर होतं. आत ग्रंथपाल बाईंची चिठ्ठी: 'क्रम चुकलाय. आजच्या आज नीट करा, नाहीतर रद्दीत.'

चूक त्याचीच. नऊ वर्षांपूर्वी अंगात ताप असताना शिवलेलं, पानांचे आकडे उंदरांनी खाल्लेले. माघारीचे गठ्ठे आधी लागले, चढाईचे मागून. त्याने कणा उसवला, तोच जिन्यावर काठी वाजली.

निवृत्त नर्स मावशी. धाकटा मुलगा फौजेत, बर्फातल्या ठाण्यावर. दीड महिना पत्र नाही.

"अरे मेल्या, माझं पुस्तक फाडतोस?"

"फाडत नाही मावशी, सुधारतोय. उलटं शिवलं होतं मी."

"मग? मला काय कळलं नव्हतं होय?" ती स्टुलावर टेकली. "पाच वेळा वाचलंय. आधी पोरं बर्फातून मरत मरत येतात, गारठलेल्या नदीत उभं राहून पूल बांधतात. आणि त्यापुढच्या पानाला सगळी परत धडधाकट! उन्हात, नदीकाठी, गणवेश कोरे. तिथं मिटते मी. तू सरळ केलंस की बर्फातच संपणार ते."

बाइंडरने वर पाहिलं. खिडकीतली पावलं धुक्यात शिरत होती, धुक्यातून निघत होती. जाणारी कुठली नि येणारी कुठली, कळत नव्हतं.

मग त्याने सुई ओवली. चढाईचे गठ्ठे वेगळे शिवले, माघारीचे वेगळे. दोन पुठ्ठे कापले, दोन कणे चिकटवले. एकावर 'भाग पहिला', दुसऱ्यावर 'भाग दुसरा'. बाईंच्या चिठ्ठीमागे लिहिलं: 'क्रम नीट केला. पुस्तक जाड होतं, दोन केली.'

"दोन्ही एकदमच न्या," तो मावशीला म्हणाला. "दुसरा आधी वाचा."

"आणि बाईंनी विचारलं तर?"

"कुठला आधी वाचायचा, ते सांगायला लोक माझ्याकडेच येतात की."

मावशी हसली. ओले पुठ्ठे संध्याकाळपर्यंत दाबात राहायला हवे होते. ती तिथंच बसून राहिली.

एवढ्यात करपल्याचा वास आला. बाइंडरने भांडं उतरवलं आणि बुडाला लागलेली खळ खरवडायला घेतली.