‘कुठे’ विचारलं कुणी?

इथले अनुभव वाचून मी आजवर मनसोक्त हसलोय, कमेंटमध्ये खवचटपणाही केलाय. भुतंखेतं, शकुन, संकेत... मला सगळं थोतांड वाटतं. तेव्हा आता माझी खेचा, तुमचा हक्कच आहे. पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आम्ही सीवूड्सला राहतो. माझी बायको दर्शना स्कूबा डायव्हिंग करते. मी बादलीतल्या पाण्यालाही बिचकणारा साताऱ्याचा माणूस, आणि ही बाई चाळिशीनंतर शिकून शार्क बघून आलीये! मागच्या वर्षी तिने मालदीवची लाइव्हअबोर्ड ट्रिप बुक केली. म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि रोज तीन-चारदा समुद्रात उडी मारायची.

तिचे वडील आमच्याकडेच असतात. मी त्यांना मामा म्हणतो. मूळचे करावे गावचे, सगळा जन्म खाडीत मासेमारी करण्यात गेला. दर्शनाला पोहायला त्यांनीच शिकवलं. पण पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. तेव्हापासून एक शब्द नाही. आवाज परत येईल ही आशा सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

दर्शनाचं पॅकिंग मात्र बघण्यासारखं असतं हं! बोटीवर सुटकेस ठेवायला जागा नसते म्हणून मऊ बॅग. त्यात वेटसूट, फिन्स, मास्क. सिलिंडरमधली हवा तोंडात आणणारा तो रेग्युलेटर वेगळ्या पिशवीत, तो विमानात हातातच न्यायचा. लग्नाच्या शालूचीही तिने इतक्या मायेने घडी घातली नसेल. मामा हॉलमधल्या खुर्चीतून टक लावून बघत होते.

दुपारी कॅब आली. दर्शना मामांच्या पाया पडली, “येते हां बाबा.” तिला खाली कॅबपर्यंत सोडायला मीही बाहेर पडलो, लिफ्टचं बटण दाबलं आणि मागून खणखणीत आवाज आला...

“कुटं चालली गो बाय?”

दोघांनीही ऐकलं. दार उघडंच होतं. टीव्ही बंद. हॉलमध्ये फक्त मामा.

दर्शना बॅग टाकून आत धावली. “बाबा! तुमी बोललात? परत बोला ना!” मामांचे ओठ मिटलेले.

निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारू नये, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. मामा तर याबाबतीत महाकडक. होडी सुटताना कुणी विचारलंच, तर ते होडी परत काठाला लावायचे, घटकाभर बसून पाणी प्यायचे, मगच निघायचे. नवा जावई असताना मी एकदा विचारून बसलो, तर चारचौघांत झापलं होतं, “जावयबापू, कुटं नाय इचारायचं! लांब का, असा इचारायचा!” आणि आज तेच मामा?

“आता बसून पाणी प्यायला लागणार,” दर्शना रडत रडतच हसली. ती त्यांच्या शेजारी बसली, पाणी प्यायली. एवढ्यात मामांचा डावा हात तिच्या मांडीवरच्या रेग्युलेटरच्या पिशवीवर आला. पट्टा घट्ट धरला. सोडायलाच तयार नाहीत.

“काय हाय बाबा यात?” म्हणत तिने चेन उघडली, रेग्युलेटर काढला, दातांत धरून ओढून बघितला. रबरी तुकडा तोंडात राहिला आणि यंत्र हातात! ते रबर आवळून धरणारी प्लास्टिकची पट्टीच गायब होती. धुताना तुटून पडली असावी.

दर्शना पांढरीफटक पडली. “हे खाली पाण्यात झालं असतं तर...”

मी म्हटलं, “राहू दे ही ट्रिप.” तिने ड्रॉवरमधून नवी पट्टी काढली, आवळली, पुन्हा पुन्हा ओढून बघितली. “अरे, यासाठीच तर थांबवलं त्यांनी. आता कसलं टेन्शन?” काय बाई आहे! मला तिचं भारी कौतुक वाटलं.

ती सुखरूप फिरून आली. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला भास झाला असेल. दोघांना? एकाच वेळी? मामा त्यानंतर बोललेले नाहीत. तो आवाज त्यांचाच होता का, आणि बंद पिशवीतलं त्यांना कसं कळलं, मला आजही सांगता येत नाही.

त्या दुपारी आम्ही दुसऱ्यांदा निघालो, तेव्हाचं तेवढं सांगतो. दर्शनाने दारातून वळून पाहिलं. मामांनी डावा हात उचलला. मला वाटलं, टाटा करतायत. आम्ही लिफ्टमध्ये शिरेपर्यंत त्यांनी तो स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.