युगेतचं शेवटचं पिंप

आन्सेल्म जुराच्या डोंगरात घरजावई म्हणून आला आणि पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांची बोलणी खाल्ली. तो वाढला बर्गंडीत, वडिलांच्या तळघरात. तिथे पिंपातली वाइन जरा उतरली की वरून भर घालायची, नाहीतर ती बिघडलीच समजा. इथे सगळंच उलटं. इथली पिवळी वाइन सहा वर्षांहून जास्त तशीच ठेवायची. ती हळूहळू आटते, तिच्यावर पातळ साय धरते आणि त्या सायीखालीच ती मुरते. भर घातली की साय बुडाली, वाइन गेली.

पुढे तळघराचा कारभार बायकोकडे, युगेतकडे आला. पणजोबांपासून चालत आलेली ही द्राक्षबाग तिने नवऱ्यापेक्षा जास्त जपली, असं तो स्वतःच कौतुकाने सांगे. तो जिना उतरताना दिसला की ती खालूनच ओरडायची, "अहो बर्गंडीकर, हात खिशात!" हा बापडा जन्मभर निमूटपणे हात खिशात घालत राहिला. वेली छाटण्यात मात्र त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

युगेतला जाऊन पाच वर्षं झाली. जाण्याआधीच्या हिवाळ्यात तिने स्वतःच्या हाताने एक पिंप भरलं होतं. त्यानंतर ती तळघरात उतरलीच नाही. मुलगी लोरेन त्या पिंपाच्या वाऱ्यालाही कोणाला उभं करत नसे. आईच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं.

अलीकडे आन्सेल्मची स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. शेजाऱ्यांची नावं तो विसरे, लहानपणीचं मात्र त्याला लख्ख आठवे. एका सकाळी लोरेन बाजारातून परतली, तर तळघराचं दार सताड उघडं. आन्सेल्म आईच्या पिंपापाशी उभा, हातात रिकामी झारी.

"बाबा, काय केलंत हे!"

"अगं, केवढं उतरलं होतं! कोणाचं लक्षच नाही. आमच्या वडिलांनी पाहिलं असतं ना, सालटी काढली असती."

लोरेनने पिंपात डोकावून पाहिलं. सायीच्या चिंध्या झाल्या होत्या. ती पायरीवर बसली आणि हमसून रडू लागली. तिला त्याचा राग येत होता आणि रागावताही येत नव्हतं.

आन्सेल्म तिच्याकडे बघत राहिला, मग पिंपाकडे. त्याचा चेहरा उतरला.

"पिवळी होती का गं?"

"हो."

"युगेतची?"

"आईची, बाबा."

तो तिच्याजवळ बसला, आवाज खाली आणून म्हणाला, "तू नको सांगूस तिला. मीच सांगतो, जेवण झाल्यावर. तेव्हा ती फार चिडत नाही."

लोरेनने डोळे पुसले. "बरं बाबा. तुम्हीच सांगा."