उडणारी विधवा आणि आमच्या दारातली ओटी

यंदा शिमग्याला मुंबईकर पोरांनी सहाणेवर पडदा लावला. जिथे देवीची पालखी बसते, तिथेच चिनी मारामारीचा सिनेमा, हिंदीत बोलणारा. मी चौथी शिकलेला, पण सिनेमाला शाळा लागत नाही. माणूस बांबूच्या शेंड्यावर उभा राहतो आणि बांबू वाकत नाही, एवढं मानलं की झालं.

गोष्ट राज्याची होती. सेनापती मरतो, प्रधान गादी बळकावतो, मग सेनापतीची विधवा तलवार घेऊन छपरांवरून उडते. आमच्यासारख्या शेतकऱ्यांनाही त्यात कामं होती बरं का! आधी घरं जाळून घ्यायची, शेवटी तिच्यापुढे गुडघे टेकायचे. एक म्हातारा होता, तो शहाणपणाचे चार शब्द बोलून मेला. म्हाताऱ्यांना तेवढ्यापुरतंच ठेवतात.

भर दरबारात ती विधवा म्हणाली, "नवरा मेला, माझा हात मेला काय?" शिट्ट्यांनी सहाण दणाणली. आमचे मानकरी तर उठून उभे राहिले. शेजारी माझी लेक बसलेली. तीही विधवाच, नवरा गेल्यापासून माझ्याकडे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आमच्या दारात आली. बायको होती तोवर देवीची ओटी तीच भरायची. तिचं वर्षश्राद्ध होऊन गेलं, आता लेक खण-नारळ घेऊन उंबऱ्यात आली. तसे तेच मानकरी पुढे झाले.

"काकानु, शेजारच्या वयनीला बोलवा. आपली तशी रीत नाय."

"का? हिला उडता येत नाही म्हणून?"

पालखीची खांदेकरी पोरं हसली. मानकरी नाही.

"तो शिनेमा हो!"

"व्हय. शिट्ट्या मात्र खऱ्या होत्या."

पालखी टेकायला पाट लागतो. तो माझ्या हातात होता. मी तो बगलेत मारला आणि पायरीवर बसलो. म्हटलं, "या घरातली सवाशीण गेली. उसनी आणणार नाही. ही भरेल, नाहीतर देवीला तशीच घेऊन जा."

रिकाम्या ओटीनं देवी परत न्यायचं पाप कोण घेणार? खांदेकऱ्यांचे खांदे भरून आले. शेवटी गुरवच वैतागला, "मांडा हो पाट!" आणि त्यानं गाऱ्हाणं घातलं, "गे आई, या लेकीच्या हातची ओटी मान्य करून घे!"

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. देवीसमोर गप्प राहायची छाती कुणाची? पोरं ओरडली. मानकऱ्यांचं 'व्हय' सगळ्यात मागून आलं.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, आई तांदूळ किती घालायची?"

"मला काय ठाऊक? मी कायम पालखीला खांदा द्यायला."

तिनं ओंजळ भरून घातले. निम्मे अंगणात सांडले. हिची आई असती तर भरल्या पालखीसमोर हिच्यावर ओरडली असती. मी वाट बघितली. कुणीच ओरडलं नाही.