उतारावरची बारा ठिकाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. ऐकून नावं ठेवायची असतील, तर खुशाल ठेवा.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्याचा मला गर्व आहे, आणि तो मी आजही सोडणार नाही. विश्रामबागेतल्या एका छोट्या कंपनीत मी कचरा डेपोतून मिथेन किती निघतो, त्याचा अंदाज काढते. रीत साधी. ठराविक अंतरावर ठिकाणं आखायची, प्रत्येक ठिकाणी बिनबुडाची पेटी जमिनीवर घट्ट बसवायची, आत साठणारा गॅस मोजायचा. ठिकाणं गाळली, की अंदाज लंगडा.

मी बारा गाळली.

का? — ऑफिसात मी सांगितलं होतं, आम्ही मेढ्याकडचे, घरची शेती, मामा फौजेत. मला मामाच नाही. आई गेल्यावर मावशीनं वाढवलं, साताऱ्याकडच्या एका डेपोवर प्लास्टिक वेचून. तिथं वेचायला प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला असतो, दुसरं कुणी त्यात हात घालत नाही. मावशीचा पट्टा पूर्वेच्या उतारावर. आणि नेमका तोच डेपो मोजणीसाठी आमच्याकडं आला. शेवटची बारा ठिकाणं — त्याच उतारावर.

दोन सहकारी बरोबर होते; आम्ही अजून मातीनं झाकलेल्या जुन्या भागात होतो. मावशीनं मला लांबूनच पाहिलं. पदर तोंडावर ओढून ओरडली, “आवं म्याडम, पेटी हिकडं आणा की! हितं भेगंतनं लय वाफ येतीया, पायाला चटकं बसत्यात. तिकडं मातीत काय घावणार तुमास्नी, गांडूळ?”

दोघं हसले. म्याडम! — माझ्या वेण्या घालणारी बाई ती. मला तिची ओळख नको आहे, हे तिला एका नजरेत कळलं होतं. आणि मी?

“बाई, बाजूला व्हा. आमचं काम आम्हाला कळतं.”

सहकाऱ्यांना चहाला पाठवलं, उतार मी एकटी करते म्हणाले. पण तिच्यासमोर वाकून पेटी ठेवायचं धाडस झालं नाही. परत त्या मातीनं झाकलेल्या भागात गेले, तिथं बारा वेळा मोजलं, आणि कागदावर लिहिलं — पूर्व उतार.

अहवालात गॅस नगण्य ठरला. उतारात गॅस ओढून घेणारे पाइप घालायचे होते, ते रद्द झाले. पुढच्याच उन्हाळ्यात उतार आतून धुमसला आणि मावशीच्या पायाखालची जमीन खचली. उजव्या पायाची बोटं काढावी लागली.

कंपनीतले साहेब म्हणाले, अंदाज काढायचं सूत्र चुकलं असेल. सूत्राला बोल लावू नका, सूत्र बरोबर होतं. गरिबीवरही ढकलू नका — मावशी माझ्याहून गरीब, पण खरं काय ते चारचौघांत ओरडून तिनंच सांगितलं होतं. आणि मला बिचारी तर म्हणूच नका. मी शिकलेली होते. काय करतेय, ते मला पुरतं कळत होतं.

आगीनंतर पाहणीला आलेल्या साहेबांबरोबर मी दवाखान्यात गेले. नर्सनं विचारलं, पेशंटचं कोण आहे? मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली, “कोन न्हाई. ह्या म्याडम मोजनीवाल्या हायत.”

साहेब शेजारी उभे होते. कुणाची तरी सही हवीच म्हणून नर्सनं फॉर्म माझ्यापुढं केला. नात्याच्या रकान्यात मी लिहिलं — काही नाही. आणि खाली सही केली, डिग्रीसकट.