परातीतले पाय

जर्मनची लढाई संपली आणि दादा सुखरूप घरी आला, तेव्हा आईनं दोन गोष्टी मनाशी धरल्या. एक, त्याला पोटभर जेवू घालायचं. दुसरी, पलटणीचं पुन्हा बोलावणं यायच्या आत त्याचं लग्न उरकायचं. पहिली जमली. दुसरीनं आम्हाला असं काही नाचवलं, की आठवलं तरी आजही माझं डोकं फिरतं.

दादात खोट काढायला जागा नव्हती. उंचापुरा, निर्व्यसनी, कुणाला उलटून न बोलणारा. जमीन म्हणाल तर नजर पोचेल तिथवर. पण ती माण तालुक्यात, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. सोयरीक जुळवताना आमच्या भागात जमीन कुणी विचारत नाही, पाणी विचारतात.

शाळेत मास्तरांनी नकाशा लावून सांगितलं होतं. समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला अडतात आणि महाबळेश्वर, पाटणकडं सगळं ओतून मोकळे होतात. तिथनं कृष्णा-कोयना भरून वाहतात. डोंगर ओलांडून आमच्याकडं येतो तो ढग म्हणजे लग्नात जेवून निघालेला पाहुणा. ढेकर देतो, बाकी काही देत नाही. मास्तर हे अगदी शांतपणे सांगायचे, आणि मी नुसती पेटून उठायचे. अहो, एक डोंगर मध्ये आला म्हणून अर्ध्या जिल्ह्यानं उसाचा रस प्यायचा आणि अर्ध्यानं बाजरी तोंडात घोळवत बसायचं? त्या डोंगराला कुणी जाब विचारायचा की नाही?

तर कोरेगावच्या मामानं स्थळ आणलं. कऱ्हाडच्या खाली, ऐन कृष्णाकाठी, उसाची बागायत. आई, मामा आणि दादा जाऊन मुलगी बघून आले. दादाला ती मनापासून आवडली. दुसऱ्या दिवसापासून तो रोज वाटीभर पाणी दाढीत घालवायला लागला आणि आईनं त्याला एकदाही हटकलं नाही, यावरून काय ते समजा.

आता मुलीचे वडील आमचं घर बघायला येणार होते. मामा आदल्या दिवशीच येऊन बसला आणि आईला बजावत राहिला.

"आक्का, एक दिवस पान्याचा हात आखडू नगंस. पाव्हना नदीकाठचा हाय. सांडूंदे, लवंडूंदे, गप ऱ्हायाचं."

"व्हय रं बाबा. मला काय अक्कल न्हाई व्हय?" आई म्हणाली.

उन्हाळ्याचे दिवस. आमच्या विहिरीच्या तळाशी कपारीतून एक झरा यायचा, त्याचं डबकं साचायचं. खाली उतरून वाटीवाटीनं घागर भरायची आणि पायऱ्या चढून वर आणायची. त्या दिवशी मी आणि आईनं तांबडं फुटल्यापासून तेवढंच काम केलं. दाराशी मोठं घंगाळ काठोकाठ भरून ठेवलं. शेजारणी येऊन त्या घंगाळाकडं बघून जात होत्या.

पाहुणे आले. जरीचा पटका, पांढरंशुभ्र धोतर, कानात भिकबाळी. दाराच्या दगडावर पाय धुवायला उभे राहिले, आणि आईनं घात केला. म्हणजे तिच्या हातानं केला, तिला कळलंसुद्धा नाही. आमच्याकडं पाय धुवायचे ते परातीत उभं राहून, आणि ते पाणी जायचं म्हशीच्या आंबोणात, पेंडभुसा कालवायला. जन्मभराची सवय. पाहुण्यानं तांब्या उचलला तशी आईनं झटकन परात पुढं सरकवली.

पाहुणे आधी गोंधळले, मग एकदम विरघळलेच. "आवं विहीनबाई, ह्ये उलटंच की! जावयाचं पाय आमी धुवायाचं, तुमी आमचं कशाला?" त्यांना वाटलं, आई त्यांचा मान करते आहे. अगदी हात जोडून ते परातीत उभे राहिले. मामानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. सुंठीवाचून खोकला गेला होता.

पण आमचं नशीब इतकं सरळ कुठलं? पाय धुऊन झाले, तांब्यात अर्धंअधिक पाणी उरलं होतं, ते त्या गृहस्थानं ऐटीत अंगणातल्या धुळीत भिरकावून दिलं.

"आवं, आवं, पानी!" आई ओरडली. पोर उंबऱ्यावरून पडलं की आई ओरडते ना, तशी.

आई इतकी ओशाळली, की काय करावं ते सुचेना. म्हणून रोज करायची तेच केलं. परात उचलली, गोठ्यात गेली आणि पाय धुतलेलं पाणी म्हशीच्या आंबोणाच्या पाटीत ओतलं. पाहुणे बघत होते. मान कसला आणि कुणाचा, ते त्यांना कळून चुकलं.

मग ते घरात आलेच नाहीत, तडक विहिरीवर गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी वाकून एक खडा आत टाकला. बऱ्याच वेळानं तळातून बारीकसा डुबुक आवाज आला.

"पोरगं सोनं हाय," ते मामाला म्हणाले, "पर आमची पोरगी पान्यात वाडल्याली. तिला ह्ये व्हायाचं न्हाई." एवढ्यावर थांबले असते तर मी गिळलं असतं. पण त्यांना शहाणपण सांगायचं होतं. "आमी कष्ट केलं, घाम गाळला, तवा बागायत उभी ऱ्हायली. मानसानं हातपाय हलवावं लागत्यात, गड्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहाटेपासून पायऱ्या चढून माझ्या पोटऱ्या ठणकत होत्या. "मग कृष्णा काय तुमच्या आज्यानं खनली?" मी बोलून गेले. मामानं माझं बखोट धरून मला मागं ओढलं. पाहुणे बैलगाडीत बसून निघून गेले. केलेल्या पोळ्या तशाच राहिल्या.

मी दिवसभर फणफणत होते. शेवटी दादाच हसला. "अगं, किती तापशील? म्या मिसर देशात हुतो. तिथं एक मोटी नदी हाय. तिच्या काठाला हिरवंगार, अन् येक शेत वलांडलं की नुसती रेती. काठावरची मानसं गादीवर बसत्यात, रेतीतली त्यांची वझी उचलत्यात. इटलीतबी तीच तऱ्हा. वर उत्तरंला पानी, तिकडं गिरण्या. खाली दगडं, तिकडची पोरं जहाजात बसून परमुलकात जात्यात. अन् जो तो म्हनतो, आमी कष्ट केलं."

"मग तुला राग येत न्हाई?"

"कुनावर धरू?" तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली नाही.

आणि आई काय म्हणाली असेल? ज्या आईचा भर अंगणात पाणउतारा झाला, ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यानं बराबर केलं. म्या असती तरी लेक दिली नसती. तुलाबी मी नदीकाठालाच देनार हाय."

"आन् मग दादाला कोन देनार?" मी किंचाळले.

तिनं भाकरी उलटली.

पलटणीचं बोलावणं काही आलं नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक स्थळ आलं. आमच्याहून पूर्वेला, पार जतच्या पलीकडचं. यावेळी मामानं काही बजावलं नाही. घंगाळही भरलं नाही. मुलीचे वडील उन्हातून चालत आले, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. आईनं त्यांच्या हातात अर्धा तांब्या दिला आणि मुद्दाम हात मागं घेतले. एकदा पोळलेली होती ती.

ते दगडाकडं गेले, पण उभे राहिले नाहीत. इकडंतिकडं बघायला लागले.

"काय वो?" मामानं विचारलं.

"परात कुठाय?" ते म्हणाले.

भिंतीला टेकवलेली परात त्यांनीच ओढली. तीत उभे राहिले, ओल्या तळव्यानं पाय चोळून चोळून धुतले, आणि तांब्यात उरलेलं पाणी आईला परत दिलं. मग परात स्वतः उचलून गोठ्यात नेली आणि म्हशीच्या पाटीत ओतली, एक थेंब न सांडता. आई दारातच उभी होती, तिच्यानं हलवेना.

मग तेही विहिरीवर गेले, तेही वाकले, त्यांनीही खडा टाकला. तोच बारीकसा डुबुक आवाज आला. ते खालीच बघत राहिले. मी मागं घागर घेऊन उभी होते. आता हे काय बोलतात, म्हणून दात आवळूनच उभी होते. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं, त्यानं डोळे पुसले आणि दादाचा हात धरला.

"भर उन्हाळ्यात पानी हाय," ते म्हणाले. "माजी लेक सुखात पडली, बाबा."