राजा स्टीफनशी वैर

बाराव्या शतकात इंग्लंडच्या गादीवर बसून गेलेल्या एका राजावर विसाव्या शतकात मनापासून चिडलेला माणूस शोधायला निघालात, तर अख्ख्या पृथ्वीवर एकच सापडला असता, आणि तोही नारायण पेठेत, चष्म्याच्या दुकानात. हे गृहस्थ म्हणजे माझे चुलत सासरे. माणसं भावकीवर चिडतात, सरकारवर चिडतात, गेलाबाजार जावयावर तरी चिडतात. काका यांच्यापैकी कोणाला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. त्यांचा सगळा राग राजा स्टीफनसाठी राखून ठेवलेला असे. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो, तेव्हा तोंडभर आशीर्वाद देऊन झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "जावईबापू, शपथ घेऊन मोडणाऱ्या माणसाला तुमच्याकडे काय म्हणतात?" मला वाटलं, मानपानात आमच्या बाजूने काहीतरी राहून गेलं. बायको हळूच म्हणाली, "घाबरू नका, स्टीफनचं चाललंय."

या वैराला खरं तर देशाचं स्वातंत्र्य जबाबदार आहे. काकांच्या शाळेत तेव्हा इंग्लंडचा इतिहास शिकवत, आणि मास्तर तो रंगवून शिकवत. विल्यमने समुद्र ओलांडून इंग्लंड घेतलं, पुढे त्याचा धाकटा मुलगा हेन्री गादीवर आला, हेन्रीचा वारस जहाज बुडून गेला, म्हणून हेन्रीने भर दरबारात सरदारांकडून, आपल्यामागे आपल्या मुलीलाच, मटिल्डालाच, गादीवर बसवू अशा शपथा घेतल्या. शपथ घेणाऱ्यांत हेन्रीचा सख्खा भाचा स्टीफनही होता. मग वैद्याने नको म्हटलेले मासे खाऊन हेन्री मेला, आणि मामाला मूठमाती मिळण्याआधीच भाचा मुकुट घालून मोकळा झाला. धडा नेमका इथवर आला आणि देश स्वतंत्र झाला. इंग्रज गेले, त्यांचा इतिहासही अभ्यासातून गेला, आणि काकांच्या वर्गात स्टीफन गादीवर बसला तो बसलाच. बाकीची पोरं सुटलो म्हणाली. काकांना मात्र त्या पोरीचं पुढे काय झालं, ही टोचणी लागून राहिली. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मिळेल ते आणून त्यांनी पुढचा भाग स्वतःच वाचून काढला आणि मटिल्डाला मुकुट कधीच मिळाला नाही हे कळल्यावर ते जास्तच चिडले.

पुढे वडिलांच्या दुकानात बसायला लागल्यावर त्यांच्या हातात एक भयंकर शस्त्र आलं. डोळे तपासायला बसलेल्या माणसाइतका हक्काचा श्रोता जगात दुसरा नाही. नाकावर ती जड लोखंडी फ्रेम, एका डोळ्यापुढे काळी चकती, दुसऱ्यापुढे बदलत्या काचा. पळावं म्हटलं तर दार कुठे आहे तेही दिसत नाही. हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमशी लढताना हॅरॉल्ड राजाच्या डोळ्यात बाण घुसला असं सांगतात, ही हकीकत काका नेमकी गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर काच सरकवताना सांगत. एक प्राध्यापकीणबाई तर फ्रेम तशीच नाकावर ठेवून रस्त्यावर आल्या होत्या. जवळचं वाचायला द्यायचं कार्डही काकांनी स्वतः छापून घेतलं होतं. वर ठळक अक्षरांत विल्यम, मग जरा बारीक हेन्री, त्याहून बारीक मटिल्डा, आणि तळाशी मुंगीएवढ्या टायपात स्टीफन. "याच्या खालचा टाइप छापखान्यात नाही म्हणाले," असं ते हळहळून सांगत. पस्तिशीपर्यंत मी बिनचष्म्याचा स्टीफनपर्यंत जात होतो. चाळिशी लागली तसा मटिल्डापाशीच अडखळू लागलो. आमच्या कुटुंबात कोणाचा नंबर किती हे कोणी विचारत नसे, कुठल्या राजापर्यंत दिसतं एवढंच विचारत.

घरातला प्रत्येक प्रश्न ते याच इतिहासावर घासून बघत. माझ्या सासऱ्यांनी एकदा वाटणीचा विषय काढला, तर काका म्हणाले, "विल्यमनेही वाटणी केली होती. थोरल्याला नॉर्मंडी, मधल्याला इंग्लंड, धाकट्याला नुसती चांदी. पुढे धाकट्याने थोरल्याला धरलं आणि मरेपर्यंत येरवड्याला ठेवलं." सासूबाई बिचाऱ्या काळजीने विचारत्या झाल्या, की भेटायला तरी सोडत होते का. वाटणीचा विषय त्या दिवशी जो बंद पडला तो बंदच राहिला.

आता या सगळ्यात एक गोष्ट आम्ही सगळे जाणून होतो आणि बोलत नव्हतो. काकांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, सुनंदा. ती लग्न होऊनही रोज सकाळी येऊन दुकान उघडत असे, आणि काकांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान तीच चालवत होती. आणि काकांना एक भाचा होता, बहिणीचा मुलगा, मधू. बापाविना वाढलेला हा पोरगा कोवळ्या वयात मामाच्या दुकानात आला, काच घासायला शिकला, आणि इतकी सुरेख घासायला लागला की गिऱ्हाइकं "मधूच्या हातची द्या" म्हणू लागली. त्याच सुमारास काकांनी ओळखीपाळखी काढून त्याला लोणी काळभोरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत चिकटवून दिलं. पोराचं भलं केलं, असं सगळे म्हणाले. त्यानंतर काका त्याच्याशी सणासुदीला दोन शब्द बोलत, तेही पाहुण्याशी बोलावं तसे.

मग दुकानाची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. नव्या करारात दुकान कोणाच्या नावाने घालायचं, असं बिल्डरने विचारलं आणि काकांची झोप उडाली. सुनंदाचंच नाव घालायचं त्यांच्या मनात होतं. पण नातेवाइकांत कुजबुज होतीच, की धंदा शिकलेला भाचा असताना दुकान मुलीच्या सासरी कशाला जायला हवं. सुनंदा तोंडाने काही म्हणत नव्हती, पण दुकानात बसून ती आजकाल काचा पुन्हा पुन्हा पुसायची. मी म्हटलं, "काका, आत्ताच नावावर करून टाका की." ते म्हणाले, "मटिल्डाच्या मुलाने, दुसऱ्या हेन्रीने, हयातीतच आपल्या मुलाला मुकुट घातला. तोच मुलगा बापावर चालून आला." मी म्हटलं, "मग मृत्युपत्र करा आणि सगळ्यांना सांगून ठेवा." यावर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "सगळ्यांना सांगूनच तर पहिल्या हेन्रीने घोळ केला." पाचशे वर्षांचा इतिहास पाठ असलेला हा माणूस, आणि त्यात त्याला एकही धड निघालेलं घर सापडत नव्हतं. शेवटी सुनंदाच म्हणाली, "बाबा, त्या राजांना विचारून झालं असेल तर आता मधूला विचारा."

रविवारी मी त्यांना स्कूटरवर बसवून लोणीला घेऊन गेलो. मधूने अंगणात खुर्च्या टाकल्या, त्याच्या बायकोने चहा आणला. काकांनी चहा बशीत ओतला, निवला तरी प्यायले नाहीत. मग घसा खाकरून म्हणाले, "मधू, समज, एक राजा आहे."

"पहिला हेन्री का?" मधू म्हणाला. दुकानात वाढलेलं पोर ते.

"त्याला एक मुलगी आहे."

"मटिल्डा."

"आणि," काका बशीकडे बघत म्हणाले, "एक भाचा आहे."

 मी उगाच कुंड्यांकडे बघू लागलो. मधू म्हणाला, "मामा, तुम्ही मला स्टीफन समजत होता?"

काकांनी हातातली बशी उगाच फिरवली.

"म्हणून मला इकडे पाठवलंत?"

"चांगली नोकरी होती रे," काका कसंबसं म्हणाले.

"दुकान सुनंदाचं आहे, मामा. मी आल्या दिवसापासून तिचंच आहे. त्यात विचारायचं काय? कुठे सही लागत असेल तर आत्ता करतो." मग तो खाली बघत म्हणाला, "मला वाटायचं, माझ्या हातची काच तुम्हाला पसंत पडली नाही. म्हणून काढलंत. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं."

काकांनी बशी खाली ठेवली. "तुझ्यासारखी काच पुण्यात कोणी घासत नव्हतं, मधू," ते म्हणाले. "तेवढ्यासाठीच तर घाबरलो." आणि ज्या माणसाला मी आठशे वर्षांपूर्वीच्या मटिल्डाखेरीज कोणासाठी हळवं झालेलं पाहिलं नव्हतं, त्याने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला तर इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी काकांच्या बशीतला गार चहा पिऊन टाकला.

परतताना हडपसर आलं. तिथे वाहनांच्या गर्दीत थांबलो असताना मागे बसलेल्या काकांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितली नव्हती. मटिल्डाचा मुलगा चौदाएक वर्षांचा असताना चार भाडोत्री शिपाई घेऊन स्टीफनवर चालून आला. शिपायांना द्यायला याच्याकडे दमडी नाही. आईने नाही म्हटलं, आईच्या माणसांनी नाही म्हटलं. तेव्हा त्या पोराने सरळ स्टीफनकडेच निरोप धाडला. आणि स्टीफनने पैसे पाठवले, की बाबा, नीट घरी जा.

"हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"सांगवत नव्हतं," काका म्हणाले. "आईचा आतेभाऊ. म्हणजे मामाच ना तो."

आता नव्या इमारतीत दुकान आहे, पाटीवर सुनंदाचं नाव आहे, आणि डोळे तपासायचं मशीन असं आहे की गिऱ्हाइक बसलं न बसलं तोच उठतं. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर असतात. स्टीफनचं नाव निघालं तर "होता बिचारा" एवढंच म्हणतात, आणि खरं सांगतो, त्यांच्या त्या रागाची मला कधीकधी फार आठवण येते. मधू आता दर रविवारी येतो. दुपारभर मामा-भाचे फारसं बोलत नाहीत. संध्याकाळी तो जायला उठला की काका म्हणतात, "थांब रे, एक काच तेवढी बघून जा." बघण्यासारखी काच कुठलीच नसते. मधूला ते माहीत आहे, तरी तो चपला काढून पुन्हा बसतो.