तिकिटांनी मढलेलं पाकीट

बाइंडरकाकांना जगभरची तिकिटं नकोत. हवीत फक्त महागाईच्या त्या दीड वर्षातली. तेव्हा पैशाची किंमत सकाळी एक, तर संध्याकाळी भलतीच. पोस्टवाले जुन्याच तिकिटांवर नवे आकडे छापून मोकळे व्हायचे. हजारांवर लाख, लाखांवर कोटी. उरल्यासुरल्या पुठ्ठ्यांचा काकांनी जाडजूड अल्बम बांधलाय. त्यात एकच पान रिकामं होतं. तिथे त्यांना तिकिटांसकट टपालातून गेलेलं अख्खं पाकीट हवं होतं.

परवा दुपारी काकूंनी शिवणाच्या डब्यातून तसलं पाकीट काढून त्यांच्यापुढे टाकलं. "हे घ्या. केव्हाचं रडगाणं चाललंय तुमचं."

पाकीट काकांचंच, लग्नाआधी काकूंना पाठवलेलं. मागूनपुढून तिकिटंच तिकिटं, पत्त्याला जेमतेम जागा. काकांनी ते उलटं केलं. झाकणावरची तिकिटं जशीच्या तशी होती. पाकीट उघडलेलंच नव्हतं!

आतलं पत्र त्यांना तोंडपाठ होतं. 'पगारात धड पावही येत नाही. माझी वाट पाहू नकोस, दुसरीकडे लग्न कर.' आणि चौथ्या दिवशी ही बया ट्रंक घेऊन दारात हजर! पत्र वाचूनही आली, म्हणून चाळीस वर्षं काकांनी तिला जिवापाड जपलं. मग काय, ती चुकून आली होती?

"अगं, तू हे वाचलंच नाहीस?"

"तिकिटं फाटली असती ना! माझ्यासाठी आठवड्याचा पगार चिकटवलात, म्हटलं, आणखी काय वाचायचं?" काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "काय लिहिलं होतंत?"

"हेच... की लवकर ये."

"वाटलंच मला."

काका खट्टू होऊन पाकीट पानावर बसवू लागले. खालच्या कडेवरून अंगठा फिरला आणि थबकला. कड किंचित जाड लागत होती. कुणीतरी ती ब्लेडने सरळ कापून, आतून पातळ पट्टी लावून, खळीने परत चिकटवली होती. जन्मभर बाइंडिंग केलेल्या हाताशिवाय कुणाला पत्ताही लागला नसता.

त्यांनी वर पाहिलं. काकू हसू दाबत बटण लावत होत्या. काकांचा जीव भांड्यात पडला, डोळे मात्र भरून आले.

"मग तेव्हा उत्तर का नाही पाठवलंस?"

"उत्तराला तिकिटं कुठे परवडत होती? बसचं भाडं तेवढं अजून वाढलं नव्हतं."